बारा जणींचा शब्द

कानबाईचे गहू मोजताना कोणी बोलायचं नाही, हा अक्कांचा नियम होता आणि तो अक्का सोडून घरातले सगळे पाळत. धुळ्याच्या देवपुरातल्या घराच्या मागच्या ओट्यावर धुतलेली चादर अंथरली होती, तिच्यावर गव्हाचा ढीग, पुढ्यात पितळेची परात, आणि सत्तरीच्या अक्का मांडी घालून बसलेल्या. भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू परातीत टाकायचे. त्या गव्हाचे रोट होतात. ते श्रावणात कानबाई देवीला दाखवायचे आणि घरातच संपवायचे, बाहेरच्याला त्यातला घास मिळत नाही.

"छगन," मूठ. "नवल," मूठ. नवलचा पोरगा तीन महिन्यांचा, त्याचं नाव अजून ठेवायचं होतं, पण गव्हाला नावाची अडचण आली नाही. "नवलना बाळ्या," म्हणत अक्कांनी त्याचीही मूठ टाकली.

त्यांची धाकटी जाऊ सुंदरबाई शेजारी बसून बोटांवर मोजत होत्या. तीन वर्षांपूर्वी बोअरच्या पाण्यावरून दोघी जावांचा अबोला झाला होता. तो मिटला होता, पण पुरता नाही. अक्कांनी सल्ला द्यायचा आणि सुंदरबाईंनी तो ऐकून घ्यायचा, एवढ्यावर सध्या गाडी चालली होती.

सतराव्या मुठीला सुंदरबाईंचा मुलगा नवल मोबाइल हातात धरून ओट्यावर आला. त्याचा चेहरा पाहूनच सुंदरबाईंचं बोट मोजायचं थांबलं.

"नशिराबादचे निघालेत," तो म्हणाला. "पारोळा सोडलं. रुपचंद नाना, बाईजी आणि प्रेमराज."

"कसाले येतस त्या?" अक्कांनी मूठ तशीच हवेत धरली. "तारीख तं ठरेल शे."

"एक गोष्ट मोकळी करायची आहे म्हणे. समोरासमोर." नवलनं आवाज खाली आणला. "रत्नाताईची."

अक्कांनी मुठीतले गहू परत ढिगावर सोडले. मोजणी मध्ये थांबवणं अशुभ, हे त्याच सगळ्यांना दरवर्षी बजावत. आज त्यांनी ते स्वतःला सांगितलं नाही.

गोष्ट नवलनंच पेरली होती. रत्ना सुंदरबाईंची थोरली, वय छत्तीस, लष्करात नर्स, मेजर रत्ना बोरसे. दोन वर्षं ती काँगो देशात शांतिसेनेच्या दवाखान्यात होती. तिथं बंदूकवाल्यांच्या एका टोळीनं दवाखाना ताब्यात घेतला आणि रत्नासकट बारा बायकांना दोन दिवस औषधांच्या खोलीत कोंडून ठेवलं. मग सैन्य आलं, बायका सुटल्या. पुढं दीड वर्षानं धुळ्याच्या एका छोट्या पेपरानं 'धुळ्याची लेक दोन दिवस बंदूकधाऱ्यांच्या ताब्यात' अशी बातमी छापली; त्या टोळीवरच्या खटल्यात ती साक्ष देणार असल्याचंही तिच्यात होतं. नवलची छाती फुगली. त्यानं ती बातमी तीन झेंडे लावून समाजाच्या ग्रुपवर टाकली. पहिले तीन दिवस अभिनंदनं आली. चौथ्या दिवसापासून फोन येऊ लागले. "नवलभाऊ, ताई बऱ्या आहेत ना? म्हणजे... बऱ्या आहेत ना?" त्या 'म्हणजे'च्या पुढं माणसं थांबत, आणि त्या थांबण्यातच सगळं बोलून होत असे.

या बातमीच्या थोडं आधी, पंधरा दिवसांपूर्वी, धाकट्या हेमांगीची सुपारी फुटली होती. नशिराबादचा प्रेमराज, पाटबंधारे खात्यात नोकरीला, सरळ मुलगा. हेमांगी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. सुपारीच्या दिवशी दोघं गच्चीवर तासभर बोलत बसली आणि खाली आली तेव्हा हेमांगीचं हसू लपत नव्हतं. दिवाळीनंतरची तारीख होती. ती तारीख आता पारोळ्याच्या रस्त्यावर धुळ्याकडे येत होती.

पुढच्या खोलीत सगळे जमले. सुंदरबाईंचे यजमान छगन आबा झोपाळ्यावर होते. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर राहिलेला माणूस, बोलायचा तो तिकिटाएवढंच. नवल उभा. हेमांगी दाराला टेकून. रत्ना खुर्चीवर, पाठ सरळ ठेवून, जशी ती जेवतानाही बसते.

"ताई, त्यांना फार काही नकोय," नवल म्हणाला. "पाच माणसांत तू एवढंच म्हणायचं, माझ्या बाबतीत तसलं काही घडलं नाही. झालं. चहा, पोहे, जय हरी."

"मी ते म्हणणार नाही," रत्ना म्हणाली.

अक्कांनीच पहिल्यांदा तोंड उघडलं. "म्हनजे व्हयनं?"

"तेही म्हणणार नाही, मोठी माय."

"हाई कसं चाली? एक तं व्हस, नहीतं व्हत नही. तिसरं काय ऱ्हास?"

"तिसरं म्हणजे मी सांगणार नाही."

"माय, एक सबद शे," अक्का समजुतीच्या सुरात आल्या. भांडणापेक्षा त्यांची समजूत जास्त जड असे. "नही म्हन आनि मोकळी व्हय. धाकलीनं लगीन शे. तू तं नोकरीवर चालनी जाशी, आठे आम्हले ऱ्हावानं शे."

"आणि ते कोर्टाचंही बघ ना," नवल हातातला मोबाइल बंद-चालू करत म्हणाला. "पुढच्या महिन्यात तू साक्ष देणार. पुन्हा पेपर, पुन्हा फोटो. निदान लग्न होईपर्यंत..."

"साक्ष मी देणार," रत्ना म्हणाली. "त्यावर बोलायचंच नाही, नवल."

तिचा आवाज चढला नव्हता. नवलनं मात्र मोबाइल खिशात ठेवला. लहानपणी पांझरेच्या पात्रात तो गाळात रुतला होता तेव्हा याच बहिणीनं त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं होतं, तेव्हाही तिचा आवाज असाच होता. "आबा, तुम्ही सांगा तिला," तो म्हणाला.

छगन आबांनी पायानं झोपाळा थांबवला. "तिले जे वाटी ते ती करी," ते म्हणाले आणि पुन्हा पाय जमिनीला लावला.

रत्ना हेमांगीकडे वळली. तेवढ्यापुरती तिची पाठ थोडी वाकली. "हेमा, लग्न तुझं आहे. बाकी कोणाचं मी ऐकणार नाही, पण तू जर म्हणालीस की ताई, बोल, तर मला पुन्हा विचार करावा लागेल."

हेमांगी वर गच्चीवर निघून गेली. अक्कांनी सुंदरबाईंकडे पाहिलं, आणि त्या पाहण्याचा अर्थ सुंदरबाईंना कळला. पोटची पोर आहे, तूच बघ.

स्वयंपाकघरात सुंदरबाईंनी पोहे भिजवले. रत्ना पाटावर बसून कोथिंबीर निवडू लागली. पिवळी पानं एका बाजूला, हिरवी एका बाजूला. दीड वर्ष झालं होतं ती परत येऊन. सुटीवर दोनदा आली, दोन्ही वेळा नीट जेवली, नीट झोपली, भाच्याला मांडीवर घेतलं. सुंदरबाई तिच्या पाठीमागे राहून तिचे हात, मान, पाय पाहत राहायच्या. तोंडानं विचारायचं धाडस झालं नव्हतं. आज झालं.

"माले तं सांग. मी तुनी माय शे."

रत्नानं काडी मोडली. "तुला तर नाहीच सांगणार. मी 'नाही' म्हटलं तर तुझा चेहरा उजळेल, आणि 'हो' म्हटलं तर पडेल. तुझ्या चेहऱ्यावरून अख्खं देवपूर वाचून काढेल, माय. तुला कधी काही लपवता आलंय का?"

हे खरं होतं. सुंदरबाईंना राग यायला हवा होता, पण ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांत पाणी.

"काबर पन? कोन्हासाठे?"

मग रत्ना बोलली. खाली कोथिंबिरीकडे पाहत, रुग्णाचा कागद वाचावा तशी.

"दोन दिवस दारावर बंदूकवाले होते. मधून मधून दार उघडायचं, एक जण बोट करायचा, आणि एकीला उठावं लागायचं. कुणाकडे बोट झालं, कुणाकडे नाही, ते आम्हा बारा जणींना माहीत आहे. सुटल्यावर आम्हाला छावणीत एका तंबूत ठेवलं. तिसऱ्या दिवशी बाकी अकरा जणींची घरची माणसं यायला लागली. नवरे, सासरे, भाऊ. तंबूपुढं दोरी बांधलेली होती, तिच्यापलीकडे उभे राहायचे आणि आपापल्या बाईला विचारायचे, तुझ्याशी झालं का? पहिली होती ती म्हणाली, नाही. तिला सायकलवर बसवून नेलं. दुसरीला विचारलं, ती गप्प राहिली. नवरा सायकल वळवून रिकामाच गेला. लांबून आला होता, माय. चांगला माणूस असेल. सोबत तिच्यासाठी केळी आणली होती, ती दोरीपाशी ठेवून गेला."

सुंदरबाईंनी पोह्यांतलं पाणी निथळलं. हात थांबले तर ही पोर बोलायची थांबेल, असं त्यांना वाटत होतं.

"आमच्यात एक फुराहा म्हणून होती. तळ्याकाठी सुके मासे विकायची, तुझ्याएवढी असेल. सगळ्या तिला मामा म्हणायच्या, तिकडे आईला मामा म्हणतात. ती तंबूच्या तोंडाशी जाऊन बसली आणि म्हणाली, आजपासून या तंबूतली एकही बाई या प्रश्नाचं उत्तर देणार नाही. जिचं झालं तीही नाही, जिचं नाही झालं तीही नाही. मग बघू कसे निवडून काढतात. एकेकीनं तिच्या हातावर हात ठेवला. मीपण ठेवला. आणि संध्याकाळी ती पहिली बाई, सायकलवर गेलेली, पाठीला पोर बांधून चालत परत आली. म्हणाली, मी 'नाही' म्हणाले आणि माझ्यामागं तुम्हा सगळ्यांचं आपोआप 'हो' झालं. ती पण आत बसली."

"मंग?"

"पाच दिवस दोरीपलीकडे गर्दी. रागवायचे, रडायचे, मुलांना पुढं करायचे. कोणी बोललं नाही. सहाव्या दिवशी एक म्हातारा आला, कुणाचा तरी बाप. त्यानं काही विचारलंच नाही. दोरी वर उचलली आणि म्हणाला, चल, शेंगा काढायच्या राहिल्यात. त्याच्यानंतर बाकीचे यायला लागले. अकरांपैकी नऊ जणी घरी गेल्या. दोघींना कोणी नेलं नाही, त्या छावणीतच शिलाई करतात." रत्नानं पिवळी पानं गोळा केली. "आता ज्यांनी केलं त्यातले सहा जण तिथल्या लष्करी कोर्टापुढं उभे आहेत. बंद दाराआड प्रत्येकीनं आपापलं सांगितलंय. सतरा तारखेला पुण्यात बसून व्हिडिओच्या पडद्यावरून मी सांगणार. नावं, तारखा, जखमा, कुणाच्या अंगावर किती टाके घातले ते. तिथं सगळं सांगेन. तिथला विचारणारा गुन्हेगाराला धरायला विचारतो. आपल्या ओट्यावर येऊन विचारणारा बाई निवडायला विचारतो. मी इथं 'नाही' म्हटलं तर त्या तंबूतला माझा हात मीच काढून घेतला."

सुंदरबाई पोहे हातानं मोकळे करत राहिल्या. आपल्या पोटी हे कुठून जन्मलं, असं त्यांना झालं होतं. पोर परीक्षेत पहिली आली, खांद्यावर अधिकाऱ्याचे तारे लागले, तेव्हा त्यांना अभिमान वाटला होता, पण तो चारचौघांत मिरवायचा अभिमान. आत्ता वाटलं ते निराळं होतं. आपण हिच्यापुढं लहान आहोत असं वाटलं, आणि तसं वाटून बरं वाटलं.

पण त्याबरोबर रूपाही आठवली. तिला आठवायचं नाही असं त्यांनी फार पूर्वी ठरवलं होतं.

रूपा त्यांच्याच गावची, रावेरकडची. दोघींची लग्नं एकाच उन्हाळ्यात झाली, दोघी धुळ्यात एकाच गल्लीत दिल्या. पहिल्या श्रावणात माहेरून परतताना पूर आला, एसटी बंद पडल्या, आणि कोणाच्या तरी ओळखीनं दोघी केळीच्या ट्रकमध्ये बसल्या. वाटेत पुलाअलीकडे ट्रक दोन दिवस अडकला. ड्रायव्हर देवमाणूस, त्यानं पोरींना केबिन दिली आणि स्वतः ताडपत्रीखाली भिजत झोपला. घरी आल्यावर सासूनं विचारलं. सुंदरबाई ताठ मानेनं म्हणाल्या, काही झालं नाही. सासूनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आत घेतलं. चार घरं पलीकडे रूपालाही विचारलं. रूपा जन्माची भित्री. असं काही कोणी विचारू शकतं याचाच तिला धक्का बसला आणि ती रडू लागली. त्या रडण्याचा सासरच्यांनी हवा तो अर्थ घेतला. आठवड्यात तिला माहेरी पोचवलं, ते कायमचं. सुंदरबाई त्या ट्रकमध्ये होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. पण त्यांना कोणी विचारलं नाही, आणि न विचारता चार घरं चालत जावं, असं त्यांना त्या आठवड्यात एकदाही सुचलं नाही. नवी सून होत्या, हे कारण त्यांनी चाळीस वर्षं स्वतःला देऊन पाहिलं होतं.

"माय, पोह्यांचा लगदा होतोय," रत्ना म्हणाली.

पाहुणे साडेतीनला आले. प्रेमराजचे वडील रुपचंद नाना पांढऱ्या शर्टात, हातात डिकीतून काढलेली केळीची फणी. रिकाम्या हातानं आलो नाही, हे दाखवायला त्यांनी ती स्वतः आत आणली. प्रेमराज मागं, मान खाली. आणि बाईजी. नानांची थोरली बहीण, पासष्टीची, काठापदराचं साधं लुगडं. नशिराबादेत नानांच्या घराचं पान हिच्याशिवाय हलत नाही हे सुपारीच्या दिवशीच कळलं होतं. मुलीचे दात, चाल, शिक्षण, सगळं हिनंच पाहिलं होतं.

पाणी झालं, पाऊस झाला, कापसाचा भाव झाला. मग नाना खाकरले.

"छगन आबा, राग मानू नका. तुमची थोरली म्हणजे समाजाचं भूषण. पण लोकांची तोंडं आपल्याला धरता येत नाहीत. आमच्याकडे चार घरं विचारतात. काय सांगायचं? एकदा ताईंनी आपल्या तोंडानं म्हटलं की बाबा, मी सुखरूप आहे, माझ्या अंगाला कोणी हात लावलेला नाही, की मी छातीठोकपणे लोकांना सांगेन. विषय संपला. जे काही घडलं असेल, त्याचा दोष ताईंना कोण देतंय? पण घडलं नसेल तर म्हणायला काय हरकत आहे?"

बोलणं गोड होतं. सुंदरबाईंना त्यात दोरी दिसली.

रत्ना उभी राहिली. "नाना, मी सुखरूप आहे, ते तुम्हाला दिसतंय. बाकीच्याचं उत्तर मी देणार नाही. माझ्यासोबत अकरा जणी होत्या, त्यांना तसा शब्द दिलेला आहे. हेमांगीचा यात काही संबंध नाही. ज्याला राग येईल त्यानं माझ्यावर काढावा."

"पण शब्द तिकडच्या बायकांना," नाना म्हणाले. "त्या इथं ऐकायला येणार आहेत का?"

"येणार नाहीत. म्हणूनच पाळायला पाहिजे."

नानांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. माणूस उठायच्या आधी ठेवतो तसे. "मग आबा, आम्हाला थोडा विचार करावा लागेल," ते म्हणाले, आणि विचार करावा लागेल याचा अर्थ खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होता. नवल भिंतीकडे बघायला लागला. जिन्यावर हेमांगी येऊन उभी होती, किती वेळ कोण जाणे.

तेव्हा सुंदरबाई पोह्यांची ताटली हातात घेऊन उभ्या होत्या. ती त्यांनी खाली ठेवली. पाहुण्यांसमोर त्या शुद्ध बोलत असत, शिकून घेतलेलं. आज तोंडात घरचीच भाषा आली.

"नाना, माले इचारा."

"तुम्हाला काय विचारायचं, वहिनी?"

"मी लगीन व्हईसन ऊनू त्या साले केळीना ट्रकमा दोन दिन अडकेल व्हती. परका मानूस. मनी सासूनी इचारं, मी सांगं काही व्हयनं नही. मना संगे एक पोर व्हती, तिले सांगता ऊनं नही, तिना संसार गया. मना 'नही'ना जोरवर मी आठे चाळीस वरीस नांदनू." त्यांनी झोपाळ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. "तो सबद मी आज परत लेस. आते तुम्ही माले इचारा, काय व्हयनं ट्रकमा. मी सांगनार नही."

झोपाळ्याची कडी थांबली. एकतीस वर्षं रोज शेकडो माणसांचे चेहरे पाहिलेला नवरा काय चेहरा करून बसला असेल, ते त्यांना कळेना. चाळीस वर्षांचा संसार त्यांनी एका वाक्यात उघड्यावर मांडला होता, तोही व्याह्यांपुढं. मागून छगन आबांचा आवाज आला.

"नाना, चहा थंडा व्हई राहिना. ल्या."

एवढंच. पण ते ऐकून सुंदरबाईंनी खाली ठेवलेली ताटली उचलली आणि नानांपुढं सरकवली.

अक्का कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला, आणि सुंदरबाईंना वाटलं, आता ही माझी शोभा करणार. "बहात्तरना दुस्काळमा," अक्का म्हणाल्या, "मी खडी फोडाले जायेल. सोळा वरीसनी व्हती. मुकादम हजेरी लावाले पोरीस्ले एकेकली बलावे. मालेबी इचारा." त्यांनी बोटानं जमिनीवरचा एक गव्हाचा दाणा उचलला. "पन्नास वरीसमा कोन्ही इचारं नही, ते चांगलं व्हयनं. आते कोन्ही इचारं तं मीबी सांगनार नही. हाई पोर म्हनस ते खरं शे. आम्हीच येडा व्हतूत."

बोअरच्या पाण्याची तीन वर्षं सुंदरबाईंनी त्या क्षणी सोडून दिली.

हेमांगी जिना उतरून खाली आली. ती रडलेली होती, पण आता बोलताना आवाज साफ होता. "प्रेमराज, तुम्हाला मला काही विचारायचं असेल तर विचारा. तीन वर्षं मी संध्याकाळच्या गाडीनं शिरपूरहून एकटी यायचे. पण आधी एक ठरवा. तुम्हाला उत्तर हवं की मी."

प्रेमराजनं पहिल्यांदा मान वर केली. "मी कधीच काही विचारलं नव्हतं," तो म्हणाला. मग वडिलांकडे वळून, थोडं अडखळत, "नाना, मी गाडीतही तेच म्हणत होतो."

"तू गप्प बस," नाना म्हणाले. त्यांना घाम आला होता. चार बायका आणि स्वतःचा मुलगा अशी सगळ्या बाजूंनी वाट अडल्यावर त्यांनी नेहमीचं केलं. "बाईजी, तुम्ही बोला. तुमच्याच म्हणण्यानं आपण आलो."

बाईजी बऱ्याच वेळापासून अक्कांच्या हातातल्या दाण्याकडे बघत होत्या. त्यांनी नजर उचलली ती थेट भावावर ठेवली.

"रुपचंद," त्या हळू म्हणाल्या, "मला विचार."

"काय?"

"मी तिसाव्या वर्षी सासरहून परत आले. नवरा दौऱ्यावर असायचा, घरात दीर होते. तू तेव्हा मला काही विचारलं नाहीस. मला वाटलं, माझा भाऊ मोठ्या मनाचा. आज दुसऱ्याच्या पोरीला विचारायला मीच तुला घेऊन आले." बाईजींचा आवाज तसाच शांत होता. "आता विचार ना. पाच माणसं आहेत."

रुपचंद नाना बहिणीकडे बघत राहिले. तिनं त्यांची चार मुलं वाढवली होती, सून निवडली होती, घराच्या किल्ल्या पस्तीस वर्षं तिच्या कमरेला होत्या. त्यांचे ओठ हलले. त्यांनी विचारलं नाही.

नानांनी समोरचा चहा उचलला, तो खरंच गार झाला होता, तरी पूर्ण प्याले. मग कप खाली ठेवून, रत्नाकडे न पाहता, घसा साफ करत म्हणाले, "ताई, तुमचं ते कोर्ट किती तारखेला?"

"सतरा."

"मग बस्त्याला अठरानंतर बसू," नाना म्हणाले. "सतराला तुम्हाला त्रास नको. नवलभाऊ, तेवढं लिहून ठेवा."

नवलनं मोबाइल काढला, पण त्याला लिहिता येईना, अक्षरं पाण्यात दिसत होती. रत्ना एकदम वळली आणि आत गेली. काँगोतून आल्यापासून दीड वर्षात ती कोणासमोर रडली नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराआडून आता तिचं रडणं ऐकू येत होतं, दबलेलं, मग न दबलेलं. सगळ्यांनी सुंदरबाईंकडे पाहिलं. आईनं जावं, अशी ती वेळ होती.

सुंदरबाई दारापर्यंत गेल्या. आत गेल्या असत्या तर पोरीचा चेहरा दिसला असता, आणि आईला चेहऱ्यावरून सगळं कळतं. त्यांनी दार हळूच ओढून घेतलं आणि बाहेरून त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.